इलेरचा हात

जिनो घरात शिरला आणि भिंतीला टेकून तसाच उभा राहिला. देवोत खिडकीशी बाळाला पाजत बसली होती.

"झाली का सही?" तिनं विचारलं.

बाजाराच्या तोंडाशी एक छोटासा गाळा. त्यात कढई मांडायची, पालेभाजी भरलेले बार्बाजुआन तळून विकायचे. लग्न झाल्यापासून दोघांनी त्यासाठी पोटाला चिमटा घेतला होता. आज जिनो त्या गाळ्याची अनामत भरायला गेला होता.

जिनो तिच्याकडे बघेना. तो बघत होता कोपऱ्यातल्या खुर्चीकडे, तिच्या वडिलांकडे.

"अरे बोल ना! बाबांच्या तोंडाकडे काय बघतोस?"

"पैसे गेले, देवोत. चाकावर."

"कुठल्या चाकावर?"

या डोंगरावर शेंबडं पोरही सांगेल कुठलं चाक ते. खाली माँटे कार्लोच्या कॅसिनोत फिरतं ते. तरी तिनं विचारलं, कारण दुसरं काही सुचेचना.

"तू खेळलास? अरे, बाळाच्या तोंडचं..."

"मी कुठला खेळतोय! मला खेळवलं."

खुर्चीतले तेओफिल खाकरले. उभा जन्म त्यांनी ते चाक फिरवलं होतं, आणि खेळणाऱ्यांची टिंगल करत रोज रात्री सूप प्यायलं होतं. 'लाल हरलं की दुप्पट लावतात, पुन्हा हरले की आणखी दुप्पट. म्हणे, आता लाल यायलाच हवं! अगं, गोळीला काय आठवतंय, मघाशी आपण कुठे बसलो होतो ते?' देवोत या गोष्टी ऐकतच मोठी झाली होती.

"बाबा? तुम्ही?"

"ते येडे गोळीच्या मागे लागतात," तेओफिल म्हणाले. "मी हाताच्या मागे लागलो. माझ्या जागी आता इलेर चाक फिरवतो, त्याचा हात मी घडवलाय. मनगट कसं ठेवायचं, चाकाला केवढा झटका, गोळी कुठल्या बोटानं सोडायची, सगळं माझं. त्याची गोळी शून्याच्या आजूबाजूला पडते. बघितलंय मी. आम्हा गावच्यांना खेळायला बंदी, म्हणून जावईबापूंना पाठवलं. ते पडले इटलीचे, त्यांना कोण अडवणार?"

"म्हणाले, गाळा भाड्यानं कशाला, विकतच घेऊ," जिनो पुटपुटला. "ज्यानं जन्मभर चाक फिरवलं त्याचं नाही ऐकायचं, तर कुणाचं ऐकायचं मी?"

दूध आटल्यासारखं बाळ किरकिरू लागलं. देवोतनं त्याला दुसऱ्या कुशीला घेतलं आणि त्याच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

दार वाजलं. इलेर होता. कामावरून थेट आलेला, कॅसिनोच्या काळ्या कोटातच; पैसे लपवता येऊ नयेत म्हणून त्याचे खिसे शिवून टाकलेले.

"उस्ताद, मला माफ करा."

"तू कशाला माफी मागतोस? तुला काय ठाऊक?"

"जिनो शून्याच्या आजूबाजूलाच लावत होता. मी लगेच ओळखलं, हा डाव तुमचा. मग मी गोळी तिथेच टाकायला लागलो."

जिनो भिंतीपासून सुटून त्याच्यासमोर आला.

"काय म्हणालास?" जिनोचा आवाज चिरकला.

"जीव तोडून टाकत होतो. कुणाच्या लक्षात आलं असतं तर नोकरी गेली असती माझी. तुम्ही शिकवलंत तसं मनगट, तसंच बोट. कधी पडलीही तिथे, पण एरवी वाट्टेल तिथे गेली. उस्ताद, मला नाही टाकता येत. कुणालाच येत नसणार."

देवोतनं बाळाला घट्ट धरलं. चाक फिरवणाराच आपल्या बाजूनं होता, नोकरी पणाला लावून पैसे द्यायला बसला होता, आणि तरी सगळं गेलं होतं. मग यात कळण्यासारखं, शिकण्यासारखं होतंच काय? तिनं वडिलांकडे पाहिलं. आता ते रडतील, असं तिला वाटलं. उठून त्यांना जवळ घ्यायचीही तिची तयारी होती.

तेओफिल रडत नव्हते. डोळे अर्धवट मिटून ते हवेत मनगट वळवून बघत होते.

"चाक जोरात फिरवलं असशील," ते म्हणाले. "उद्या जरा हळू फिरव. जावईबापू, तुमच्या आईची सोन्याची साखळी आहे ना अजून?"

ज्या खेळणाऱ्यांची नक्कल करून ते देवोतला लहानपणी हसवायचे, त्यांच्यातलाच एक माणूस तिच्या घरातल्या खुर्चीत बसला होता.

"इलेर," तिनं हळू विचारलं, "घरच्यांनी कळवलं, तर कॅसिनोच्या दारावरचे लोक एखाद्याला आत सोडत नाहीत ना?"

"नाही सोडत, ताई."

"मग उद्या उघडायच्या आधी जिनोचं नाव सांग."

"देवोत, पोरी, फक्त एक दुपार!" तेओफिल खुर्चीतून अर्धे उठले.

ती जिनोकडे बघत होती. जिनोनं मान खाली घातली. "आडनावासकट सांग रे," तो इलेरला म्हणाला. "माझ्या नावाचे इथे पुष्कळ आहेत."

देवोतनं बाळ त्याच्या हातात दिलं, खांद्यावर शाल टाकली, आणि गाळा दुसऱ्याला द्या म्हणून सांगायला ती बाजाराच्या उताराला लागली. पायऱ्यांवरही तिला बाबांचा आवाज येत होता. ते इलेरला काहीतरी समजावत होते, शिकवताना बोलायचे तशा शांत, मायाळू आवाजात.