बांधावरचा दगड

शीतल गारेच्या दगडाच्या ढलप्या एकमेकींना जोडत बसली, तेव्हा अंतरवालीच्या चौकातल्या चहावाल्यानं तिला येड्यात काढलं. फुटलेली बशी कुणी जोडेल, दगड कोण जोडतं? पण पुरातत्त्वाचा धंदाच तसा. ढलप्या जागच्या जागी बसल्या की अश्मयुगातल्या जुन्या माणसानं हत्यार घडवताना कुठला घाव आधी घातला, कुठला नंतर, सगळं कळतं.

उत्खनन कुठं करायचं ते केशव सर ठरवणार होते, आणि त्यांनी नाक मुरडलं होतं. "ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरला की गारेच्या अशाच ठिकऱ्या उडतात. या ज्याच्यावरून निघाल्या तो मूळ दगड दाखव. नाहीतर उद्या आपण इथून हलतोय."

सर हलले की ढलप्या सापडल्या त्या वावराचे मालक रामप्रसादकाका तिथं शेततळं खोदणार होते. मशीनसुद्धा ठरलं होतं. मग तो जुना माणूस कायमचा गेला म्हणायचा.

शीतलनं दोऱ्या बांधून, चौकोन आखून, पुस्तकात लिहिलंय तसं रांगत रांगत वावर पुन्हा पिंजून काढलं. बारीक ढलप्याच हाती लागल्या. दिवस कलताना ती कंबर धरून उठली आणि तशीच उभी राहिली. अख्ख्या वावरात मोठा दगड एकही नव्हता. मंठ्याकडच्या घरच्या वावरात पेरणीआधी आईबरोबर दगड वेचताना तिची कंबर अशीच धरायची. तिला स्वतःचा भयंकर राग आला. शेतकऱ्याची पोरगी, आणि पुस्तकापायी बांध विसरली.

"काका, वेचलेले दगड कोणत्या बांधाला टाकता?"

"उताराच्या. आज्ज्यापासून तिथंच टाकून राह्यलो. कामून गं?"

सांगत बसायला ती थांबली नाही. सकाळी सर सामान जीपमध्ये चढवत होते, तेव्हा ती बांधावरचे काळे दगड उपसत होती. तळाशी मधाच्या रंगाची गार निघाली, मुठीएवढी. तिनं ढलपी लावली. बसली. दुसरी लावली, तीही बसली. तिनं सरांना हाक मारली.

सर आले. त्यांनी दगड फिरवून फिरवून पाहिला. "छान बसतंय. पण मधे ही फट आहे. इथला तुकडा कुठंय?"

तो कुठंच नव्हता. शीतलनं बाटलीतलं पाणी ओतून मूठभर काळी माती मळली आणि फटीत दाबून भरली. मग वरची ढलपी अलगद काढून माती उचलली. हातात आलं लांब, पातळ, दोन्ही कडा सरळ असलेलं पातं.

"सर, एवढा दगड त्यानं याच्यासाठी फोडला," ती म्हणाली. "आणि हे तो घेऊन गेला."

सरांनी ते पातं दगडाशेजारी धरून पाहिलं. मग म्हणाले, "खरंय. रोटाव्हेटर नुसता फोडतो. चांगलं तेवढं निवडून नेत नाही." त्यांनी ड्रायव्हरला सामान उतरवायला सांगितलं.

रामप्रसादकाकांनी मातीचं पातं तळहातावर घेतलं. "म्हंजे आमच्या आधी हितं कुणी काम करून गेल्तं."

"हो काका. पण तुमचं तळं..."

"तळं सरकवता येतंय," काका म्हणाले. "ह्यो माणूस बिलकुल हलवायचा न्हाई."

शीतल बांधावरच बसली आणि डोळे पुसत मोठमोठ्यानं हसायला लागली.