सलिलने जोडलेली तार

मी बॅटरी बोलतेय. परवापरवापर्यंत गाडीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी, लोखंडी पट्टीने आवळून बसवलेली. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात आम्ल आहे, आणि माझ्या वाट्याला जो माणूस आला त्याने ते आणखी जहाल केलं.

तुम्ही माणसं माझी आठवण कधी काढता? गाडी सुरू होत नाही तेव्हा. तोवर मी आहे की नाही याचा तुम्हाला पत्ता नसतो. किल्ली फिरवली आणि नुसतं ‘टक्’ वाजलं, की बॉनेट उघडून पहिली शिवी मला. मी का उतरले, हे विचारायला कोणी थांबत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. शिशाच्या जाळ्या ओतल्या, त्यांवर लेप दिला, काळ्या डब्यात एकीशेजारी एक उभ्या केल्या, आम्ल भरलं आणि पहिला करंट दिला. त्यात कौतुकासारखं काही नाही. तिथून टेम्पोने मी ठाण्याला आले, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, व्हेरोनिकाबाईंच्या दुकानात.

व्हेरोनिकाबाई तोंडाने फटकळ. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलेलं. गिऱ्हाईक आलं की आधी कपाळावर आठी, मग नमस्कार. पण फळीवरच्या आम्हा सगळ्यांना त्या आठवणीने चार्जिंगला लावायच्या. “नुसती ठेवून दिली तरी मरते ही जात,” असं म्हणायच्या. खरंच आहे ते.

एका दुपारी नवरा-बायको दुकानात आले. बाई हेमांगी, कल्याणच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. नवरा सलिल, बँकेत अधिकारी. दोघं ठाण्यातच राहणारी. गाडी हेमांगीची, तिच्या पगारातून घेतलेली. जुनी बॅटरी संपली होती.

“ती मोठी द्या,” सलिलने माझ्या शेजारणीकडे बोट केलं. “ताकद जास्त असेल.”

“ती तुमच्या गाडीत बसायची नाय,” व्हेरोनिकाबाई म्हणाल्या. “आणि तिचे टर्मिनल उलट्या बाजूला आहेत. वायर ताणून लावाल, आणि एक दिवस घासून ठिणगी पडेल.”

“मला गाड्यांतलं कळतं.”

“कळतं ना? मग मोजून बघा.”

तोवर हेमांगीने मला फिरवून माझ्या अंगावरचा बनावटीचा महिना वाचला होता. जुन्या बॅटरीवरचा आकडा तिने कागदावर लिहून आणला होता, तो माझ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. “ही ताजी दिसतेय. लोड लावून दाखवता?”

व्हेरोनिकाबाईंनी तपासणी यंत्राचे दोन चिमटे लावले, बटण दाबलं. एवढा भार पडल्यावर कच्ची बॅटरी लगेच मान टाकते. माझा काटा हिरव्या पट्ट्यातून हलला नाही.

“हीच द्या,” हेमांगी म्हणाली.

मला गाडीत बसवल्यावर, दारं बंद झाल्यावर सलिल बोलला. “चारचौघांत माझा पोपट केलास.”

“अरे, मी फक्त बॅटरी बघितली.”

“गाडी तुझी, बॅटरी तुझी, पगार तुझा. मी कोण? ड्रायव्हर?”

त्या दिवसापासून तो मला ‘तुझी ती बॅटरी’ म्हणायला लागला. त्या माणसाशी माझं वैर तेव्हापासूनचं.

हेमांगीने मात्र मला नीट ठेवलं. रविवारी ती बॉनेट उघडायची. माझ्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर सोड्याच्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासायची, कोरडं करायची, वर व्हॅसलीनचा हात फिरवायची. डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंतच घालायची. नळाचं पाणी तिने मला कधी दाखवलं नाही. पट्टी सैल झालीय का ते हलवून बघायची. हे चालू असताना फोन स्पीकरवर आणि पलीकडे तिची आई, मंदाकिनीबाई. त्या टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहायच्या. दम्याच्या पेशंट. बोलता बोलता मध्येच थांबायच्या, आणि हेमांगीचा हात माझ्यावर तसाच थांबायचा.

ती आईकडे जाते हे सलिलला खपायचं नाही. तशी ती कुठेही गेलेली खपायची नाही. गाडी चालू असताना त्याचे फोन यायचे.

“कुठे आहेस?”

“टिटवाळ्याच्या वाटेवर. आंबिवली गेलं मागे.”

“एवढ्यात? की एवढ्या वेळाने?”

तिने काहीही उत्तर दिलं तरी ते चुकीचंच असायचं.

मग एका रविवारी ती लोकलने पेपर तपासायला कॉलेजात गेलेली, आणि सलिल एका माणसाला घेऊन पार्किंगमध्ये आला. त्या माणसाने स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, आत काळी डबी चिकटवली आणि तिची तार ज्या लाइनवर मी कायम जिवंत असते तिला जोडली.

“मॅडमना कळणारपण नाही,” तो म्हणाला. “गाडी कुठाय ते मोबाइलवर दिसेल. आतला आवाजपण येईल. फुल टाइम.”

“किल्ली काढलेली असली तरी?”

“डायरेक्ट बॅटरीवरनं घेतलंय ना. फक्त गाडी रोज चालली पाहिजे. नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल.”

“उतरू दे,” सलिल म्हणाला.

ते मी ऐकलं. त्या दोन शब्दांत माझं मरण त्याने सहज मंजूर करून टाकलं.

हेमांगी रोज कल्याणला जायची तोवर मी निभावलं. डबी जेवढं प्यायची तेवढं इंजिन भरून द्यायचं. पण दिवाळीची सुट्टी लागली, गाडी उभी राहिली. ती डबी मात्र थांबली नाही. आणि भाऊबीजेला सगळी मंडळी खाली जमलेली असताना किल्ली फिरली आणि मी नुसती ‘टक्’ वाजले.

“लाइट चालू ठेवलास,” सलिल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

“नाही रे, मी बघितलं होतं.”

“मग भूत आलं होतं? फिजिक्स शिकवते म्हणे!”

लोक हसले. तीही कसनुसं हसली.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. दर वेळी दोष तिचाच. दार नीट लावलं नाहीस. आतला दिवा राहिला. तुझं लक्षच नसतं. हळूहळू तिला ते खरं वाटायला लागलं. गाडी लावून वर गेलेली ती परत खाली यायची, दारं ओढून बघायची, दिवे बघायची, जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा वळायची. वर्गात पोरांना सर्किट समजावणारी बाई स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेनाशी झाली. मी सगळं जाणत होते, आणि मला तोंड नव्हतं. माझा राग नुसता सलिलवर नव्हता. तिच्यावरही होता. अगं, एकदा करंट मोजायचा मीटर लाव! पण ती मीटर घेऊन माझ्याकडे येण्याऐवजी स्वतःलाच बोल लावत बसली.

दर वेळी पार उतरणं आमच्यासारख्यांना सोसत नाही. शिशाच्या जाळ्यांवर खडे धरतात, मग कितीही चार्ज करा, पूर्वीची धग येत नाही. मी आतून खंगत चालले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हेमांगी आईकडे टिटवाळ्याला राहायला गेली. गाडी बिल्डिंगखाली उभी. काही दिवसांनी सकाळीच ती आईला धरून खाली आली. मंदाकिनीबाईंचे ओठ निळसर पडलेले, मान पुढे, छातीत शिट्टी वाजत होती. हेमांगीने त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

मी होतं नव्हतं ते जमवलं, पण इंजिन हललं नाही. आणि ऐका, इंजिन फिरवण्याइतकं माझ्यात काही उरलं नसलं, तरी त्या डबीला पाजण्याइतकं उरलं होतं. ती मजेत चालू होती.

सलिल त्या दिवशी बँकेच्या कामाला कल्याणलाच आलेला, ऑफिसची गाडी घेऊन. हेमांगीने त्याला फोन लावला, स्पीकरवर.

“सलिल, गाडी बंद पडलीय. आईला श्वास घेता येत नाहीये. तू कल्याणला आहेस ना, लगेच ये. प्लीज.”

“हे काय नवीन नाटक?”

“नाटक नाही रे! ती इथे मागे—”

“तू टिटवाळ्यालाच आहेस कशावरून?”

हेमांगीने मागे वळून आईकडे पाहिलं.

“गाडी सांभाळता येत नाही ना, मग विकून टाक,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मागे मंदाकिनीबाईंची शिट्टी आणखी बारीक झाली होती. हेमांगी दार उघडून रस्त्यावर धावली, ओरडली. तळमजल्यावरचा गोविंदा रिक्षा धूत होता. त्याने बादली तशीच टाकली. दोघांनी मिळून बाईंना उचललं, रिक्षात घातलं आणि कल्याणच्या रस्त्याला लागले. मी तिथेच, उघड्या दारांच्या गाडीत पडून राहिले.

मंदाकिनीबाई वाचल्या. बरेच दिवस ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

त्यांना घरी आणल्यावर हेमांगीने दुसऱ्या गाडीवरून केबल लावून आमची गाडी सुरू केली आणि तडक ठाण्याला, व्हेरोनिकाबाईंच्या दारात.

“कसली बॅटरी दिलीत मला? माझी आई जाता जाता राहिली!”

“आवाज खाली. माझ्या मालाला नाव ठेवायचं नाय.” व्हेरोनिकाबाईंनी मला काढलं, दिवसभर चार्जिंगला ठेवलं, मग लोड लावला. काटा हिरव्यात टिकला नाही, पण पार खालीही गेला नाही. “हिच्यात मुळात खोट नाय. उतरून उतरून अर्धी जान गेलीय. गाडी उभी असताना करंट कुठेतरी जातोय.”

“मी लाइट चालू ठेवत नाही हो,” हेमांगी घाईघाईने म्हणाली. आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलावं तशी.

“मी कुठे म्हटलं ठेवतेस?”

हेमांगी त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या महिन्यांत तिला असं म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.

टिटवाळ्याला परत आल्यावर तिने मीटर काढला. किल्ली बाहेर, दारं बंद, दिवे बंद. माझी निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. आकडा बघून तिच्या कपाळावर आठी आली. उभी गाडी किरकोळ काहीतरी घेतेच, घड्याळापुरतं. हा आकडा त्याच्या कितीतरी पट होता. मग ती एकेक फ्यूज काढत गेली. काढायचा, मीटर बघायचा, परत लावायचा. एक फ्यूज काढला आणि आकडा धपकन खाली आला. त्या फ्यूजच्या मागची तार ती बोटांनी चाचपत गेली, झाकण उघडलं, आणि डबी तिच्या हातात आली. सिम कार्ड. माइकसाठी टाचणीच्या टोकाएवढं भोक.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. फ्यूज परत लावला, डबी तोंडाजवळ धरली आणि म्हणाली, “सलिल, ऐकतोयस ना? घरी थांब. मी येतेय.”

ठाण्याला पोचलो तेव्हा तो खाली पार्किंगमध्येच उभा होता. म्हणजे ऐकत होता.

“अगं, काळजीपोटी लावलं,” त्याने सुरुवातच तिथून केली. “तू एकटी इतक्या लांब जातेस...”

“त्या सकाळी तुझ्या मोबाइलवर गाडी टिटवाळ्यात उभी दिसत होती.”

त्याने हातातला मोबाइल खिशात सरकवला.

“माझी आई मागच्या सीटवर तडफडत होती, तेही तुला ऐकू येत होतं. आणि तू मला विचारलंस, टिटवाळ्यालाच आहेस कशावरून.”

“झालं का काही तिला?” तो फिसकारला. “आहे ना जिवंत? मग?”

मला वाटलं ती आता त्याच्या थोबाडीत मारणार. तिने फक्त तार उपटली आणि डबी पर्समध्ये टाकली.

“ही पोलिसांत देतेय,” ती म्हणाली. “आणि मी आईकडे राहणार आहे.”

सलिल गाडीपुढे येऊन उभा राहिला. दोन्ही हात माझ्या डोक्यावर, बॉनेटवर टेकवले. “जा ना. वाटेत बंद पडेल तुझी ती बॅटरी. मग मलाच फोन करशील.”

तिने किल्ली फिरवली.

माझी अर्धी जान गेली होती, हे व्हेरोनिकाबाईंनी सांगितलंच आहे. उरलेली अर्धी मी त्या एका झटक्यात ओतली. इंजिन गुरगुरलं. त्याचे हात बॉनेटवरून सुटले. हेमांगीने गिअर टाकला, आणि त्याला बाजूला व्हावं लागलं.

त्यानंतर मी फार काळ चालले नाही. मागच्या आठवड्यात हेमांगी नवी बॅटरी घ्यायला इथे, व्हेरोनिकाबाईंकडे आली. मला काढून दुकानाच्या भिंतीशी ठेवलंय, भंगाराचा टेम्पो येईपर्यंत. तिच्यासोबत मंदाकिनीबाई होत्या, काठी टेकत आलेल्या. अजून आवाज क्षीण आहे.

“हीच का ती?” त्यांनी मला काठीने ढोसलं. “हिच्यामुळे मेले असते मी.”

“हिच्यामुळे नाही, आई,” हेमांगी म्हणाली.

माझी जेवढी नोंद कुणी घ्यायला हवी होती तेवढी त्या तीन शब्दांत झाली. आता टेम्पो केव्हाही येवो.

तुम्हाला एकच सांगून जाते. तुमच्या उभ्या गाडीची बॅटरी वारंवार उतरत असेल, तर घरातल्या बाईला बोल लावण्याआधी मीटर लावा. आणि बाई गं, तुलाच कोणी बोल लावत असेल, तर तू लाव. पहिल्याच वेळी लाव. हेमांगीने लावायला जितका उशीर केला, तितका मी तिला माफ केला आहे.

त्याला नाही.