गुरुवारची चिठ्ठी

बाकीच्या चिठ्ठ्या एकदाच दुमडलेल्या, ही एकटी चार घड्यांची — बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांच्या जाड बोटांना ती उलगडेना, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या तिला वाटलं, फाटली तर बरं. नाही फाटली. वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी जमणाऱ्या तत्त्वचर्चा मंडळाची रीतच अशी, की नाव न घालता प्रश्न डब्यात टाकायचा आणि जो निघेल त्यावर बोलायचं. तिचा हा तिसरा गुरुवार. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली; शेजारीण चार ते सहा बसते, म्हणून हे दोन तास.

"आपल्याच माणसाच्या मरणाची वाट पाहणं," साहेबांनी वाचलं, "हा गुन्हा आहे का?"

घड्याळजींकडे न बघण्याचा सगळ्यांनी एवढा आटापिटा केला, की सरळ बघितलेलं परवडलं असतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या म्हाताऱ्याची बायको चार वर्षं पडून आहे हे मंडळाला ठाऊक. आपल्या आईचं मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं — इथे तरी कुणी 'आई कशी आहे' विचारू नये म्हणून.

साहेबांनी आधी 'वाट पाहणं'ची व्याख्या काढायला घेतली, खातं उघडायचा फॉर्म भरून घ्यावा तशी. गणिताच्या बाई म्हणाल्या, इच्छा वेगळी, कृती वेगळी. मग हळूहळू आवाज मऊ झाले... थकतं माणूस, मनाला लावून घेऊ नये... आणि याचसाठी तर ती एवढा जिना चढून येत होती, यातला शब्द न् शब्द तिचा, आणि तो पडत होता शेजारच्या खुर्चीतल्या घड्याळजींच्या ओंजळीत. बोल ना. मी लिहिलंय म्हण. सकाळी चमचा ओठाला लावला, आई गिळेना, आणि मी मनात म्हटलं, नको गिळूस... तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. घड्याळजी नुसती मान हलवत राहिले.

उतरताना जिन्यात ते पुढे, ती मागे.

"चिठ्ठी माझी नव्हती हो ताई," मागे न बघताच ते म्हणाले. "बायको गेली तर मी भांडू कुणाशी? पण एवढ्या मायेनं बोलत होते सगळे, नाही म्हणवेना." कठडा धरून ते थांबले. "ज्याची असेल त्याच्या हाती काहीच लागलं नाही बघा. सगळं मीच घेऊन चाललो."

"माझी आई..." ती म्हणाली. "सहा वर्षं झाली."

ते वळले. आणि तासभर जे मायेचे बोल ऐकायला जीव आसुसला होता, तेच आता या माणसाच्या तोंडून थेट आपल्यासाठी येतील, या धास्तीने ती वरच्या पायरीवर अंग चोरून उभी राहिली.