निकट सहवास

खरूज कुणाकडून कुणाकडे गेली, हे शोधण्यात तपासणीबाईंचा हात धरणारं आरोग्य खात्यात कुणी नव्हतं. वसतिगृहं, कामगारांच्या खोल्या, चारचौघांनी मिळून भाड्याने घेतलेली घरं. जिथे एका न्हाणीघराबाहेर पाच टॉवेल लोंबतात तिथे बाई हजर. लोक बिचाऱ्या चादरीवर खापर फोडायचे. बाई हसायच्या. नुसती चादर किंवा उभ्या उभ्या मिळवलेला हात एवढ्याने ती सहसा होत नाही, कातडीला कातडी बराच वेळ लागावी लागते. म्हणून त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "गेल्या दोनेक महिन्यांत कोणाजवळ झोपलात, कोणाचा हात धरून बसलात?" या प्रश्नाने त्यांनी भल्याभल्यांच्या घरात आगी लावल्या होत्या. आता पाळी त्यांची होती.

कारण तक्रार आली ती लेकीच्याच घरातून. नोकरी लागल्यावर लेक आणखी पाच मुलींबरोबर राहायला गेली होती. घरमालकीण तिथेच राहून सगळ्यांचा स्वयंपाक करायची, तिला सगळ्या माऊ म्हणत. नियमाप्रमाणे बाईंनी हे घर दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवं होतं. नाही सोपवलं. लेक रविवारी जेवायला यायची आणि पहिल्या घासापासून माऊपुराण लावायची. माऊ असं म्हणते, माऊ तसं करते. बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. ही माऊ कोण लागून गेली, ते त्यांना एकदा जवळून बघायचंच होतं.

माऊ निघाली आडव्या अंगाची आणि गडगडाटी हसणारी. बाईंनी भिंग आणि टॉर्च काढून एकेकीच्या बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरं तपासली. सगळ्यात जुने ओरखडे माऊच्या मनगटावर होते. बाईंना आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला.

मग लेकीचा नंबर आला. "कोणाजवळ झोपलीस?"

"माऊजवळ. मला ताप होता ना, तेव्हा रोज माझ्याजवळच असायची."

"ताप? कधी?"

"झाला महिना. तुला नाही सांगितलं. तू लगेच कुठे गेलीस, काय खाल्लंस, कोण शिंकलं, सुरू करतेस."

"आणि ही काय करायची?"

"काही नाही. हात धरून पडून राहायची."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीला वाढवताना त्यांनी रात्रीचा दिवस केला होता, लसीची एक तारीख चुकू दिली नव्हती, आणि ही कालची आलेली बाई नुसती पडून राहून सगळं श्रेय घेऊन गेली होती.

"घरच्यांनाही मलम लावायचं असतं ना?" माऊने विचारलं. "मग एक ट्यूब तुमच्यासाठी ठेवा, ताई."

"आईला कशाला?" लेक सहज म्हणाली. "आम्ही कुठे एवढ्या जवळ असतो?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर बाईंना निदान भांडता आलं असतं.

सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं, कपडे कढत पाण्यात धुवायचे, दुसऱ्या दिवशी खुशाल कामाला जायचं, आठवड्याने पुन्हा एकदा मलम. संपलं. हे बाईंना तोंडपाठ होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुझ्या खरजेचा जोर जास्त दिसतो. तीन आठवडे वेगळं राहावं लागेल. घरी चल. तोवर कोणाला शिवायचं नाही."

माऊचा चेहरा उतरला. पण तिने लेकीच्या पाठीला पहिलं मलम स्वतः लावलं, मगच तिला जाऊ दिलं.

लेक घरी आली. बाईंनी रजा टाकली, लेकीच्या आवडीचं रांधलं. लेक मात्र नियमाला पक्की, शेवटी पोर कोणाची! चहाचा कप पुढे केला तर म्हणायची, "खाली ठेव, मी उचलते." बाई शेजारी येऊन बसल्या की ती उठून खुर्चीवर जायची. माऊशी फोनवर मात्र खिदळणं चालायचं, आणि बाई पलीकडच्या खोलीत धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायच्या.

आठवड्याने दुसऱ्या मलमाचा दिवस आला. न्हाणीघराला आतून कडी होती.

"पाठीला हात पोचत नाही गं," लेक फोनवर सांगत होती. "उलथन्याला मलम लावून बघते. बरं, ठेवते."

बाईंनी दार वाजवलं. "उघड. मी लावते."

"नको. तुला होईल. तूच म्हणालीस ना."

"हातमोजे घालते."

"ते गार लागतात. लहानपणीही लागायचे."

बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. "ठमे," त्या म्हणाल्या. या नावाने हाक मारून वर्षं झाली होती. "मी खोटं बोलले. दुसऱ्याच दिवसापासून तू कोणालाही शिवू शकत होतीस. घर सोडायचीही गरज नव्हती."

"मग का सांगितलंस?"

"मला माऊचा हेवा वाटला."

आतला नळ बंद झाला.

"म्हणजे मी आज परत जाऊ शकते?"

"हो," बाई म्हणाल्या.

कडी निघाली. लेकीने ट्यूब त्यांच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. बाईंनी उघड्या बोटांवर मलम घेतलं आणि खांद्यापासून खाली हात फिरवायला सुरुवात केली. डाव्या खांद्याखाली एक तीळ होता. तो त्यांना माहीतच नव्हता.

"माऊ जरा जोरात चोळते," लेक म्हणाली.

बाईंनी हाताला जोर दिला.