सारख्या ताणाचं घर

घडी घातलेलं ते घर पाहिलं, की कारखान्याच्या चाचणी-दालनात आलेला नवखा माणूस हमखास विचारायचा, ‘‘हे ठीक आहे हो, पण घर कुठंय?’’

विचारणं साहजिकच होतं. दिसायचा तो एक उंच धातूचा खांब आणि त्याच्याभोवती चुण्या घालून घट्ट लपेटलेलं राखाडी कापड. एखाद्या राक्षसाने छत्री मिटून कोपऱ्यात उभी करावी, तसं. मग दाबचाचणी घेणारे गृहस्थ, ज्यांना सगळा कारखाना ‘फुगेवाले काका’ म्हणायचा, हवेची झडप उघडायचे. कापड कुरकुरायचं, एकेक चुणी सुटायची आणि बघता बघता समोर तीन मजली घर उभं राहायचं. रॉकेटच्या टोकात मावणारं आणि वर पोचल्यावर आठ माणसांना हातपाय पसरून राहता येईल एवढं. नवखा माणूस तोंडात बोट घालायचा. थोरलीने अशी कितीतरी घरं फुगताना पाहिली होती, तरी त्या वेळी तिच्या हातातलं काम थांबायचंच.

त्या भिंतीत सगळ्यात आत हवा धरून ठेवणारं अस्तर, सगळ्यात बाहेर अवकाशातल्या भरधाव खड्यांचा मार झेलणारे जाड थर, आणि दोघांच्या मध्ये पट्ट्यांची जाळी. जाळी थोरलीच्या विभागाची, आणि त्या विभागाची प्रमुख थोरलीच. बाहेर पोकळी आणि आत हवा, म्हटल्यावर हवा भिंतीला सतत बाहेर ढकलणार. साध्या दाराएवढ्या तुकड्यावर चार हत्तींचा भार. तो सगळा पेलायचा तळहाताहून अरुंद अशा विणलेल्या पट्ट्यांनी. धाग्याची ही करामत थोरलीला लोखंडाच्या कुठल्याही पुलाहून मोठी वाटायची. तसं ती बोलून दाखवायची नाही, एवढंच.

आत्ता दालनात तयार होत होतं त्या घरात तिची धाकटी बहीण राहायला जाणार होती.

पूर्वी वर जायचं तर लढाऊ विमान तरी उडवलेलं असावं लागे. आता औषधवाल्या कंपन्या वर प्रयोगशाळा भाड्याने घेत होत्या, हौशी पाहुणे आठवडाभर राहून येत होते. माणसं वाढली तसे त्यांच्यामागचे व्यापही वाढले. कुणीतरी स्वयंपाक बघायला हवा, कुणीतरी दुखणंखुपणं. धाकटी पाण्याची तंत्रज्ञ होती. माणसांचा घाम, उच्छ्वासातला ओलावा, इतकंच काय पण लघवीसुद्धा गाळून तिचं पुन्हा पिण्याचं पाणी करणारी यंत्रणा ती सांभाळणार होती.

‘‘एवढं शिकून शेवटी नळच दुरुस्त करायला चाललीस ना?’’ आईने एकदा जेवताना टोमणा मारला होता.

‘‘हो, पण नळासमोरच्या खिडकीतून पृथ्वी दिसते. तुझ्या मोरीतून शेजारच्यांची भिंत दिसते,’’ धाकटी म्हणाली होती.

‘‘भिंत आहे ना पण? विटांची? ज्या घराची भिंत घडी घालून ठेवता येते ते घर कसलं गं? तंबू नुसता.’’

‘‘आई, विटांची भिंत तिथे टिकायची नाही. हीच टिकेल,’’ थोरलीने समजूत घातली.

आईचं समाधान झालं नाही. धाकटी हात धुवायला उठल्यावर ती थोरलीच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, ‘‘तू करतेस ना ते घर? मग तिच्या खोलीपुरतं तरी जरा घट्ट घे. लहान आहे ती.’’

लहान म्हणजे तिशी ओलांडलेली. थोरलीला हसू आलं. पण ते वाक्य कानात जाऊन बसलं ते बसलंच.

दुसऱ्या मजल्यावरच्या, धाकटीच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवरचे पट्टे जोडायची वेळ आली, तेव्हा थोरलीने ते काम स्वतःकडे घेतलं. पट्ट्याचं टोक धातूच्या कडीतून ओवून मागे दुमडायचं आणि ठरल्या खुणेवर टाके घालून पक्कं करायचं. खूण डोळ्यांत तेल घालून पाळायची असते. थोरलीने त्या भागातले चार पट्टे खुणेच्या नखभर पुढे दुमडले. मुद्दाम. नखभर आखूड म्हणजे तेवढेच जास्त ताठ. चौपट भार पेलणारे पट्टे, नखभराने काय बिघडतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणी तिला तसं सांगितलं असतं, तर तिने त्याला दालनाबाहेर काढलं असतं.

चाचणीच्या दिवशी घरात नेहमीपेक्षा दीडपट दाब भरायचा होता. दालनात कुणी थांबायचं नाही. सगळे जाड काचेपलीकडच्या खोलीत. पडद्यावर प्रत्येक पट्ट्याची एक रेघ. दाब चढेल तशी रेघ चढणार. मागच्या रांगेत वर जाणारी मंडळी बसली होती, त्यांत धाकटी.

‘‘चला, फुगवू या,’’ काका म्हणाले.

घर उलगडलं, गोल झालं, ताठ झालं. रेघा एकमेकींच्या हातात हात घालून वर निघाल्या. थोरलीने श्वास सोडला. तेवढ्यात मधल्याच चार रेघा सगळ्यांना मागे टाकून सरसर पुढे गेल्या. त्यांच्या शेजारच्या रेघा तिथेच रेंगाळल्या, जणू त्यांचं या कामाशी काही देणंघेणंच नव्हतं.

काकांनी झडप बंद केली. ‘‘नाही. यापुढे मी एक फुंकर घालणार नाही.’’

खोलीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं मोजणारी उपकरणं बिघडली असतील. कुणी म्हणालं धागाच खोटा निघाला. कारखान्याच्या संचालक बाई शांतपणे सगळं ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘धाग्याचा संशय असेल तर एकाच खोलीपुरता ठेवता येणार नाही. सगळी जाळी त्याच धाग्याची आहे. हे घर बाजूला ठेवावं लागेल.’’

‘‘आणि आम्ही?’’ धाकटीने मागून विचारलं.

‘‘पुढचं घर तयार होईल तेव्हा त्याची माणसं ठरलेली आहेत. तुम्हाला पुन्हा रांगेत यावं लागेल. वाईट वाटतं मला.’’

धाकटीचा चेहरा पडला. थोरलीने तो पाहिला आणि तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या. एक म्हणजे धागा खोटा नव्हता. दुसरी म्हणजे, आपण फक्त गप्प बसायचं. काही करायला नको, खोटं बोलायलाही नको. धाकटी घरी राहील, विटांच्या भिंतीत. आई निर्धास्त होईल. धाकटी चार दिवस रडेल, मग तिलाही सवय होईल.

हा विचार इतका सोपा होता की थोरलीला त्याचीच भीती वाटली. पडद्यावर त्या पुढे पळालेल्या रेघा अजून तशाच होत्या. धागा सगळा भार निमूटपणे ओढत होता, आणि दोष त्याच्या माथी जात होता.

‘‘धागा चांगला आहे,’’ ती म्हणाली. आवाज आपलाच आहे याची खात्री पटायला तिला एक क्षण लागला. ‘‘ते पट्टे मी आखूड केलेत. नखभर. मुद्दाम.’’

सगळे तिच्याकडे वळले.

‘‘ती खोली जास्त मजबूत व्हावी म्हणून,’’ ती म्हणाली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘म्हणजे तुम्ही शेजाऱ्यांच्या खांद्यावरचं ओझं काढून त्या चौघांवर टाकलंत. आणि वर त्यांना मजबूत म्हणताय?’’

‘‘हो.’’

‘‘नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवता ना तुम्ही? एक ताणला की बाकीचे आराम करतात?’’

‘‘हेच शिकवते.’’

संचालक बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘दुसरीकडे कुठे केलंत?’’

‘‘कुठेच नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. सगळे सांधे दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. ताणलेले पट्टे तर आता कामाचेच नाहीत, ते बदलावे लागतील.’’

बाहेरच्या व्हरांड्यात धाकटीने तिला गाठलं. ‘‘ताई, आधी फाटली असती ती माझीच खोली! कळतंय का तुला?’’

‘‘कळतंय.’’

‘‘आईचं काम ना हे? तिनेच कान भरले ना तुझे?’’

‘‘बोलली आई. हात माझे होते.’’

धाकटीने रागाने भिंतीवर हात आपटला. मग म्हणाली, ‘‘गप्प बसली असतीस तर मी गेलेच नसते. आलं होतं ना मनात?’’

‘‘आलं होतं.’’

‘‘दुष्ट आहेस,’’ धाकटी म्हणाली आणि बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. राग गेला नव्हता. डोकं जड होतं, इतकंच.

सांधे मोजले गेले. ताणलेले पट्टे आणि त्यांचे शेजारी उतरवून नवे चढवले गेले. त्या खोलीला थोरलीला हात लावू दिला नाही, आणि तिनेही मागितलं नाही. ती लांबून बघत राहिली. तिच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी खुणेवर टाके घालत होती. ना अलीकडे, ना पलीकडे. ती खोली कुणाची हे त्या मुलीला ठाऊक होतं, पण तिच्या सुईला त्याचा पत्ताच नव्हता. किती सुंदर काम होतं ते!

पुन्हा सगळे काचेपलीकडे जमले. काकांनी झडप उघडली. घर उभं राहिलं. रेघा निघाल्या, आणि या वेळी एकही पुढे पळाली नाही, एकही मागे रेंगाळली नाही. इतक्या जवळजवळ चढल्या की सगळ्यांची मिळून एकच जाड रेघ दिसायला लागली. दीडपट दाबाला ती पोचली आणि थांबली. आतून मधूनच करकर ऐकू यायची. पट्टे एकमेकांशी जुळवून घेत होते. ठरलेला वेळ उलटला तरी रेघ हलली नाही. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले, पण काकांनी बोट वर केलं.

दालनात एक रीत होती. आकडे काहीही म्हणोत, घर राहण्याजोगं आहे हे जाळीच्या प्रमुखाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याशिवाय हवा उतरवायची नाही. थोरलीला वाटलं होतं, या वेळी हे काम दुसऱ्याला देतील. पण संचालक बाई तिच्याचकडे बघत होत्या.

ती पडद्याजवळ गेली. तिने रेघा मोठ्या करून पाहिल्या, एकेक सुटी करून पाहिली. खरं सांगायचं तर तिला कुठेतरी खोट सापडायला हवी होती. तिने शोधलं, अगदी मनापासून शोधलं. काचेपलीकडे ते अजस्र, गोल घर उभं होतं, सगळीकडून सारखं ताणलेलं, आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मागे धाकटी उठून उभी राहिली होती.

‘‘राहण्याजोगं आहे,’’ थोरली म्हणाली.

‘‘काय? ऐकू आलं नाही,’’ काका म्हणाले.

‘‘राहण्याजोगं आहे हो घर! जाऊ दे तिला.’’