नरसिंहपूरचा डोंगर

"माझ्यावर इश्वास ठेवू नका!" अविराजबाबा माइकमधून गरजले आणि सुप्याच्या बाजारतळावरचा सगळा मांडव चिडीचूप झाला. "बाबा-बुवा लई झाले. थापा मारत्यात. मीबी थापाड्या असंन! खिशातला फोन काढा आणि त्यालाच इचारा!"

असला बाबा सुप्यानं कधी बघितला नव्हता. लोकांनी भराभरा फोन काढले. पहिल्या रांगेतल्या गेणबानं आपला फोन माइकपाशी नेला आणि ओरडून विचारलं, "रुद्रकांडीच्या काढ्यानं साखर जाती का गं बाई?"

फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "होय. अनेक संकेतस्थळांवरील माहितीनुसार, नरसिंहपूरच्या डोंगरातील गुहेत बारा वर्षे तप केलेल्या अविराजबाबांच्या रुद्रकांडी काढ्याने मधुमेह मुळापासून बरा होतो."

झालं! टाळ्यांचा नुसता कडकडाट. "पेशीपेशीत क्वांटम जागा व्हतो," बाबांनी वरून फोडणी दिली. क्वांटम म्हणजे काय हे बाबांना ठाऊक नव्हतं आणि मांडवालाही नव्हतं, त्यामुळे कुणाचीच अडचण झाली नाही. बाटल्या हातोहात खपायला लागल्या.

मांडवाच्या कडेला उत्कर्षा उभी होती. तिचं लक्ष बाबांकडे नव्हतं, फोनकडेही नव्हतं. ती बघत होती तिच्या वडिलांच्या डाव्या पायाकडे. अंगठ्याशेजारच्या बोटाला पट्टी होती आणि पट्टीतून पाणी झिरपत होतं. मानसिंगआबांनी इन्शुलिन बंद करून महिना होत आला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की साखर अशीच राहिली तर नुसत्या बोटावर भागणार नाही, पाय काढावा लागेल. आणि आबा रांगेत उभे होते, दुसरी बाटली घ्यायला.

दुसरं कुणी असतं तर उत्कर्षानं समजून घेतलं असतं. पण आबा? ज्या माणसानं भर जत्रेत पेटत्या नारळातलं सोडियम काढून दाखवलं, देवऋष्याला गावाच्या वेशीपर्यंत पिटाळलं, तो माणूस? उभा जन्म आबांनी डेअरीत दूध तपासण्यात घालवला होता. सख्ख्या मेव्हण्याची किटलीसुद्धा त्यांनी तपासल्याशिवाय उतरून घेतली नव्हती.

घरी आल्या आल्या ती कडाडलीच. "आबा, सुई घ्या. आत्ताच्या आत्ता."

"मी काय खुळा हाय व्हय?" आबाही तापले. "आंधळेपणानं मानलं न्हाय मी. पंधरा ठिकाणी वाचलं. डॉक्टरांची नावं हायत, बऱ्या झालेल्या मानसांचे फोटू हायत. पडताळून बघा, पडताळून बघा असं पोरांना तूच शिकवतीस ना शाळंत?"

"त्यातला एक तरी माणूस तुम्हाला भेटलाय का?"

"भेटायचं कशाला? लिवलंय की!"

"कुणी लिहिलंय? आबा, हल्ली त्या एआय यंत्राला एक ओळ दिली की ते पानंच्या पानं लिहून देतं. फोटो करून देतं. डॉक्टरसुद्धा करून देतं! लोक ती पानं इंटरनेटवर टाकतात आणि तुमचा फोन तीच वाचून दाखवतो."

"यंत्र कशाला खोटं बोलंल?" आबा हसले. "माझ्या लॅक्टोमीटरनं कधी लाच खाल्ली का?"

कौसल्याबाई चुलीपाशी डोळे पुसत होत्या. "माझं तर ऐकतच न्हाईत, तूच काय तरी कर बाई," एवढंच त्या लेकीला म्हणाल्या.

उत्कर्षा इंदापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत धुमसत राहिली. सांगून पटत नाही ना? मग दाखवायचं. खोलीवर पोचल्यावर तिनं यंत्राला दोनच ओळी दिल्या. सुप्याचे मानसिंग महाराज. बाभळीखाली बसवून गुडघे बरे करतात. खायला-प्यायला देण्याचं तिनं मुद्दाम टाळलं. कुणी फसलंच तर बाभळीखाली बसेल बिचारा. सोबत आबांचा एक फोटो जोडला. चहा निवायच्या आत ढीगभर लेख तयार! एका लेखातला मजकूर वाचता वाचता ती थांबली.

"नरसिंहपूरच्या डोंगरातील गुहेत बारा वर्षे तप..."

हे तिनं लिहिलंच नव्हतं. तिला आधी हसू फुटलं, मग अशी चीड आली की चहा तसाच राहिला. सगळे लेख तिनं निरनिराळ्या फुकटच्या जागांवर चढवून टाकले. दोन दिवसांनी आईचा फोन आला. बोट काळं पडायला लागलं होतं.

रविवारी पुन्हा मांडव भरला. बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं, "माझ्यावर इश्वास ठेवू नका..." आणि उत्कर्षा थेट व्यासपीठावर चढली.

"बाबा, मी विचारू का फोनला?"

"इचार की ताई! फोन खोटं बोलत न्हाय!"

"ऐकलंत सगळ्यांनी? गेणबाकाका, तुमच्याच फोनवर विचारा. सुप्याचे मानसिंग महाराज कोण?"

फोनमधली बाई तशीच गोड बोलली. "मानसिंग महाराज हे थोर सिद्धपुरुष असून त्यांनी नरसिंहपूरच्या डोंगरातील गुहेत बारा वर्षे तप केले. बाभळीखाली बसवून ते गुडघेदुखी बरी करतात. हजारो रुग्णांना गुण आला आहे." खाली फोटो. जटा, भगवी कफनी, डोक्यामागं तेजाचं वलय.

"आयला!" गेणबा ओरडला. "ह्ये तर आपलं मानसिंगआबा!"

फोन हातोहात फिरला. मांडवात कुजबुज, मग गलका. सिंधुबाई नावाची म्हातारी गुडघे धरत धरत पुढं आली आणि तिनं आबांच्या पायांवर डोकंच ठेवलं. "एवढं मोठं असून कधी बोलला न्हाईत आबा! माझं गुडघं बगा की!"

"अगं ऊठ, ऊठ!" आबा मागं सरकले. "कसलं तप नि कसलं काय! डेअरीत दूध तपासलंय मी!"

"फोन सांगतोय की!"

"फोन खोटं सांगतोय!"

बोलून गेले आणि आबा तिथंच थबकले. सगळ्या मांडवानं ऐकलं होतं.

"हे माझं काम आहे," उत्कर्षा माइकवर म्हणाली. "मी दोन ओळी दिल्या, बाकी सगळं यंत्रानं रचलं. फोननं ते वाचलं आणि तुम्हाला सांगितलं. पण डोंगर मी लिहिला नव्हता. तो यंत्रानं आपल्या मनानं घातला, जसा बाबांच्या लेखात घातलाय. नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमावर डोंगर बघितलाय का कुणी?"

"कुठला डोंगर!" एकजण हसला. "नदी, देऊळ नि ऊस!"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी घाम पुसला. "तो डोंगर सूक्ष्म हाय. दिव्यदृष्टी लागती."

"उसातला बिबट्या दिसतो आमाला," गेणबा म्हणाला, "डोंगर बरा दिसत न्हाय!"

हशा उसळला. पण आबा हसले नाहीत. लंगडत ते माइकपाशी आले. "पंधरा किटल्या बघून मी भुललो," ते म्हणाले. "म्हटलं, पंधरा जण कसे खोटं बोलतील? अरं, पंधराही एकाच घरच्या! आणि दूध तरी कुठं व्हतं? नुसती भुकटी कालवलेली. कुणाच्या गोठ्यातनं आलं, एवढं मी इचारलंच न्हाय." मग ते बाबांकडे वळले. "तुझ्या काढ्यानं बरा झालेला एक मानूस हितं उभा कर. जिता-जागता. फोटूतला नको."

एकही उभा राहिला नाही. लोकांनी व्यासपीठावर परत आणून आपटलेल्या बाटल्या गोळा न करताच बाबांची गाडी निघून गेली.

त्याच दुपारी आबांना बारामतीला नेलं. बोट गेलं, पाय वाचला. उत्कर्षानं आपले सगळे लेख दवाखान्यातूनच, आबांसमोर, पुसून टाकले. पण काही अनोळखी लोकांनी ते तोवर उचलून आपापल्या पानांवर चिकटवले होते. ते कुणी पुसायचे?

आणि व्हायचं तेच झालं. महिन्याभरानं लातूरकडची एक जीप दारात थांबली. आत गुडघ्यांनी जखडलेली आजी, सोबत तिचा लेक.

"मानसिंग महाराजांचा मठ ह्योच का?"

उत्कर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांनी मात्र त्यांना ओसरीवर बसवलं, चहा पाजला आणि त्यांच्यासमोर सदरा वर करून पोटात इन्शुलिनची सुई घेतली.

"मानसिंग मीच. महाराज कुनी न्हाय."

"पर आबा, ह्यात तर..." लेकानं फोन पुढं केला.

"त्याला इचार, तुला हे कुनी सांगितलं? त्या मानसाचं नाव, गाव, घर इचार. आणि मग माझ्याकडं बघ. मी हितं बसलोय. मला साखर हाय. यंत्राचं ऐकून एक बोट घालवलंय. मोजून घे पायजे तर."

लेकानं फोन खिशात घातला. आबांनी त्यांना बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि जीप गेल्यावर चुन्याची बादली मागवली. दाराशेजारच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"इथं महाराज राहत नाहीत. फोननं सांगितलं असेल तर फोन खोटा. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरकडे जा. चहा घेऊन जा."