जुन्या रस्त्यावरचं पोट

प्रेमराजसमोर कोणी ‘बायपास’ हा शब्द काढला की त्याचं डोकं फिरायचं. खैरवाड्याच्या माणसांना हे ठाऊक होतं, म्हणून ती ‘वरचा रस्ता’ म्हणत, ‘तिकडून’ म्हणत, नाहीतर नुसती हनुवटी त्या बाजूला उडवत. एकदा नव्याने बदलून आलेल्या तलाठ्याने त्याच्याच हॉटेलात बसून बायपासची तारीफ केली. त्याला चहा अर्धा टाकून उठावं लागलं.

रागाला कारण होतं. आधी धुळ्याहून शिरपूरकडे जाणारा हमरस्ता नरडाण्याच्या अलीकडे खैरवाड्याच्या पोटातून जायचा आणि त्या रस्त्यावर प्रेमराजचं ‘हॉटेल प्रवासी’ होतं. पार इंदूरकडचे ट्रकवाले त्याची शेवभाजी खायला थांबत. मग रस्ता चौपदरी झाला, गावाला लांबून वळसा घालून निघून गेला, आणि प्रेमराजच्या वाट्याला आले ते लांबून ऐकू येणारे हॉर्न.

रस्ता गेला, पण प्रेमराजने कढई बदलली नाही. पूर्वी जेवढा रस्सा व्हायचा तेवढाच तो रोज करायचा.

“कोन खाई इतलं?” बायको कमलबाई विचारायची.

“आनि कोनी उनं तर? त्याले काय पानी पाजू?”

कोणी येत नसे. अन्न टाकायचं नाही हे त्याच्या आईने त्याला चापट्या मारून शिकवलेलं. शेजारीपाजारी तरी रोज किती नेतील? उरलेलं प्रेमराज स्वतःच खाऊन टाकायचा. दुपारी खायचा, दिवेलागणीला खायचा. अख्ख्या हायवेचं गिऱ्हाईक तो एकटाच होऊन बसला होता. काही वर्षांत तो असा काही सुटला, की हॉटेलच्या गल्ल्यामागे तो बसला म्हणजे मागच्या भिंतीवरचा देव दिसेनासा व्हायचा.

कमलबाई व्यवहारी बाई. तिने कोणाला न विचारता गावाचा रस्ता नव्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर टपरी टाकली. वाटण मात्र प्रेमराजच्या हातचंच लागायचं. रोज सकाळी तो हॉटेलात खोबरं, कांदा भाजून काळं वाटण करायचा आणि त्याचा डबा टपरीवर जायचा. ट्रकवाले तिथे थांबत, बोटं चाटत. प्रेमराज तिकडे एकदाही फिरकला नाही. “कमलनं खेळनं शे ते,” म्हणायचा, आणि आपल्या रिकाम्या बाकांवरून फडकं मारायचा.

हे असंच चाललं असतं, पण त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. साखर जुनीच होती, आता ती औषधांना जुमानत नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, वजनकाट्याकडे पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, की वजन उतरलं नाही तर आज अंगठ्याचं जे चाललंय ते उद्या पायाचं होईल. जळगावला वजनाच्या ऑपरेशनचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. मुलगी रोशनी धुळ्यात शिक्षिका होती. तिने सुट्टी टाकली, गाडी काढली आणि आईबापाला घेऊन निघाली.

धुळे ते जळगाव या प्रवासाचं वर्णन न केलेलं बरं. जिथे जिथे बायपास लागला तिथे प्रेमराजने गाडी गावातून घ्यायला लावली. “आबा, वरून अर्ध्या वेळात जाऊ,” रोशनी म्हणायची. तो मान दुसरीकडे वळवायचा. मग त्या बाजारांतून, हातगाड्यांतून, बैलाच्या शिंगांना आरसा घासत ती बिचारी गाडी काढायची, आणि कुठे एखादं जुनं हॉटेल चालू दिसलं की प्रेमराज काच खाली करून मालकाला नमस्कार करायचा. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा नंबर दोनदा पुकारून झाला होता.

डॉक्टर हितेंद्र तरुण होते, अंगाने काटकुळे. प्रेमराजला त्यांच्याकडे पाहूनच शंका आली, की यांना भूक म्हणजे काय ते माहीत तरी असेल का. त्यांनी कागद ओढला.

“तीन मार्ग आहेत,” ते म्हणाले. मार्ग म्हटल्यावर प्रेमराज सावध झाला. “पहिला, पोटात फुगा सोडायचा. काही महिने ठेवायचा, मग काढून घ्यायचा.”

कमलबाईने नवऱ्याच्या पोटाकडे नजर टाकली. “फुगा तर आधीच फुगेल शे,” ती म्हणाली.

“तुमच्यासाठी मीही तो सांगणार नाही. फुगा काढला की वजन परत येतं,” डॉक्टर म्हणाले. “दुसरं म्हणजे स्लीव्ह. पोट उभं कापायचं. केळ्याएवढी नळी उरते.”

“वेलची केळं का बसराई?” कमलबाईने विचारलं. तिचं माहेर रावेरकडचं, तिथे नुसतं केळं म्हणून भागत नाही.

डॉक्टरही जळगावचेच होते. त्यांनी क्षणभर विचार केला. “बसराई. पण कोवळी.”

प्रेमराजला स्लीव्ह आवडली. “बाकीच्या पोटाचं काय करता?”

“काढून टाकतो. पण तुम्हाला रात्री छातीत आंबट येतं, जळजळतं, ते स्लीव्हने वाढू शकतं. तुमची साखरही जुनी. म्हणून मी तुम्हाला तिसरं सांगेन. बायपास.”

प्रेमराज ताडकन उठला. खुर्ची हातांची होती, तीही त्याच्याबरोबर उठली. रोशनी आणि कमलबाईने दोन्ही बाजूंनी ओढून ती सोडवली. तोवर डॉक्टर कागदावरची रेघ पुरी करत होते.

“बायपास जमणार नाही,” प्रेमराज म्हणाला. “दुसरं काय पाहिजे ते कापा.”

त्याने पुढे ऐकलंच नाही. परतीच्या वाटेवर त्याने गाडी पुन्हा प्रत्येक गावातून न्यायला लावली. रोशनी गिअर जोरजोरात टाकत होती.

गावात सगळ्यांत आधी भेटायला आला तो अभिमनभाऊ. हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, हॉटेल प्रवासीचं उरलेलं एकुलतं एक नियमित गिऱ्हाईक. त्याची हृदयाची बायपास झाली होती आणि गावात तिचा व्रण न पाहिलेला माणूस नव्हता, कारण विषय कुठलाही निघो, भाऊचा हात सदऱ्याच्या गुंडीकडे जायचा.

“पोटमा बायपास?” त्याने गुंड्या सोडत विचारलं. “बायपास छातीमा व्हस. हाई देख. डॉक्टर तुले खरं सांगत नही, प्रेमराज. तुनं काळीज गयं.”

अभिमनभाऊ चहा पिऊन गेला आणि घरोघरी थांबत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रेमराजचं काळीज गेल्याची बातमी शिंदखेड्यापर्यंत पोचली होती. माणसं येऊ लागली. मेहुणे आले, सोयरे आले, नारळपाणी आलं, बिस्किटांचे पुडे आले. भेटायला घरी जावं तर प्रेमराज हॉटेलात, म्हणून सगळी हॉटेलात आली. आली ती बाकांवर बसली. बसल्यावर कढईचा वास आला. आजारी माणसाच्या दारात कसं मागायचं, म्हणून आधी संकोच झाला, मग एकाने ताट घेतलं आणि संकोच संपला.

त्या दिवशी कितीतरी वर्षांनी हॉटेल प्रवासीत बसायला जागा नव्हती. प्रेमराज दुखऱ्या पायाने टेबलांमधून फिरत होता, रस्सा वाढत होता, “आनखी ल्या” म्हणत होता. ज्याला बघायला लोक आले होते तो सगळ्यांत धडधाकट दिसत होता. संध्याकाळी कढईचं बूड दिसलं. त्याला एक घासही उरला नाही आणि त्याला भूकही नव्हती. त्या रात्रीसारखी सुखाची झोप त्याला कितीतरी दिवसांत लागली नव्हती.

सकाळी उठून त्याने त्याहून जास्त रस्सा केला.

कोणी आलं नाही. ऊन बाकांवर चढलं आणि उतरलं. अभिमनभाऊ तेवढा आला, चहा पिऊन गेला. प्रेमराज कढईसमोर बसून राहिला आणि त्याच्या मनात आलं, की काल आली ती गिऱ्हाइकं नव्हतीच. ती माणसं आपलं शेवटचं तोंड बघायला आली होती. आपण मात्र खुळ्यासारखे त्यांना वाढत सुटलो. त्याला रडू येत होतं आणि सवयीने त्याचा हात ताटाकडे गेला. मग पायातून कळ आली. त्याने ताट ठेवलं, रोशनीला फोन लावला आणि म्हणाला, “जळगावले परत जावानं शे. माले एक गोट इचारनी शे.”

डॉक्टरांनी या वेळी बिनहातांची खुर्ची मागवून ठेवली होती.

“बायपास केल्यावर जुन्या पोटाचं काय करता?” प्रेमराजने बसल्याबसल्या विचारलं. “पाडता का?”

“पाडत नाही. ते जागच्या जागी राहतं. वर एक छोटंसं पोट वेगळं करतो आणि त्याला थेट पुढच्या आतड्याशी जोडतो. जेवण तिकडून जातं.”

“मग जुनं दिवसभर करतं काय?”

हे डॉक्टरांना याआधी कोणी विचारलं नव्हतं. “काम करतं,” ते म्हणाले. “त्याचा रस तयार होत राहतो. तो जुन्या वाटेने खाली येतो आणि इथे, या फाट्यावर, जेवणाला मिळतो.” त्यांनी कागदावर दोन रेघा एकत्र आणल्या.

कमलबाई वाकली. जिथे रेघा मिळत होत्या तिथे तिने बोट ठेवलं. “आठे मनी टपरी शे,” ती म्हणाली. मग बोट जुन्या पोटावर नेलं. “आनि आठे तुम्ही बठेल शेतस. तुमनं वाटन रोज आठेच येस ना.”

डॉक्टरांना काही कळलं नाही. रोशनीने त्यांना खुणेनेच थांबायला सांगितलं. प्रेमराज कागदाकडे बघत राहिला.

“आणखी एक,” तो शेवटी म्हणाला. “त्या जुन्या पोटाला कळतं का, की आता वरून कोणी येणार नाही?”

डॉक्टर कागद बाजूला सारून म्हणाले, “कळत असावं. बहुतेकांची भूक पहिल्यासारखी राहत नाही.”

“म्हणजे वाट पाहणं सोडतं.”

“तसंच म्हणा.”

प्रेमराजने डोळे पुसले आणि एसीची हवा डोळ्यांत जाते म्हणाला. त्याला हायसं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. “करा मग,” तो म्हणाला. “बायपासच करा.” त्या शब्दाला त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच होकार दिला. डॉक्टर पुढे बरंच सांगत होते, जन्मभर घ्यायच्या गोळ्या, जपून खायचं गोड, थोडं थोडं जेवण. या वेळी त्याने सगळं ऐकून घेतलं.

तिघं परत निघाली. धुळं मागे पडलं. खैरवाड्याचं वळण आलं तशी रोशनीने गाडी सवयीने डावीकडे घेतली, जुन्या रस्त्याला.

“नको,” प्रेमराज म्हणाला. “वरथून घे.”

मागून कमलबाईने हळूच विचारलं, “आनि हॉटेल?”

“ते राही जागावर. वाटन तठेच व्हई.” त्याने मान मागे वळवली. “ती मोठी कढई मात्र सकाळे तुन्हा टपरीवर लई जाऊत. तठे तिले काम शे.”

रोशनीने गाडी नव्या रस्त्याला लावली. रस्ता गुळगुळीत होता, खालच्या अंगाला गाव दिसत होतं, आणि त्यात हॉटेल प्रवासीचा पत्रा, वाटला होता त्याहून लहान. पुढे फाट्यावर टपरीशेजारी तीन ट्रक उभे होते.

“हळू घे, बेटा,” प्रेमराज काच खाली करत म्हणाला. “माले देखू दे.”